फुल पगारी, बिनअधिकारी

कुठल्याही मंडळात, लग्नघरात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक माणूस असतोच. त्याला कुणी काही विचारलेलं नसतं, तरी तो सगळ्यांना कामं सांगत फिरतो. त्याला आपण बिनपगारी फुल अधिकारी म्हणतो. माझी नोकरी याच्या बरोब्बर उलटी आहे. पगार फुल, अधिकार शून्य.

आमच्या सोसायटीत वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आहेत. लिफ्टपाशी भेटले की हमखास चौकशी करतात. मी एका मोठ्या टेक कंपनीत सीनियर प्रोग्रॅम मॅनेजर आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "अरे वा! मग हाताखाली किती माणसं?"

"एकही नाही, काका."

हिचं ऑफिसात काहीतरी बिनसलं असणार आणि शिक्षा म्हणून हिला इथे आणून बसवलं असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. "मग मॅनेज काय करतेस?"

प्रश्न रास्त आहे. कोड मी लिहीत नाही. पूर्वी लिहायचे, त्याला आता जमाना झाला. काय बनवायचं ते प्रॉडक्टवाले ठरवतात, कसं दिसेल ते डिझायनर. माणसं घेणं, काढणं, पगारवाढ हे सगळं एंजिनिअरिंग मॅनेजरकडे. माझ्या वाट्याला येतं ते या सगळ्यांच्या मधलं. पेमेंटच्या टीमला लॉगिनच्या टीमकडून एक बदल हवाय, लॉगिनवाल्यांना सिक्युरिटीची मंजुरी हवीय, सिक्युरिटीवाले लीगलच्या मेलची वाट बघतायत, आणि आपली कुणी वाट बघतंय हे लीगलला ठाऊकच नाही. ही साखळी शेवटापर्यंत चाचपत जायचं आणि लीगलमधल्या बाईंना फोन लावायचा. त्या म्हणतात, "अगं, मला वाटलं ते रद्द झालं!" आठवडेच्या आठवडे तुंबलेलं काम चहा गार व्हायच्या आत सुटतं. माझा पगार खरं तर असल्या फोनांचाच आहे. फोन कुणाला करायचा हे शोधण्यात बाकीचा वेळ जातो.

या पदाची कूळकथा मजेशीर आहे. ऐंशीच्या दशकात मायक्रोसॉफ्टमध्ये ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी एक्सेल बनत होतं. प्रोग्रामर आपल्या कोडात बुडालेले, मार्केटिंगवाले बाहेरच्या जगात, आणि मध्ये कुणीच नाही. जेब ब्लूमेंथल हा गृहस्थ तो मधला माणूस झाला. वापरणाऱ्याला काय हवंय ते समजून घ्यायचं, नीट लिहून काढायचं, आणि लिहिलेलं प्रत्यक्षात उतरेपर्यंत सगळ्यांची मोट बांधून ठेवायची. एक्सेल १९८५ साली बाजारात आलं आणि पुढे प्रोग्रॅम मॅनेजर हे पद तिथे रुजलं. नव्वदीच्या सुरुवातीला एक्सेलवरच हे काम केलेल्या जोएल स्पोल्स्कीने नंतर स्पष्ट लिहिलं आहे की प्रोग्रामर या माणसाच्या हाताखाली असता कामा नयेत. हाताखालचे असले की ते वाद घालायचं सोडून देतात. म्हणजे काकांना जी उणीव वाटली, ती या पदात मुद्दाम ठेवलेली आहे.

आमच्या तक्त्यांचा उगम याहून जुना आणि याहून मासलेवाईक. १९५८ साली अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट नावाची पद्धत काढली. सगळ्या कामांचं जाळं आखायचं, प्रत्येक कामाला लागणाऱ्या वेळाचे तीन अंदाज घ्यायचे (सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळंच फिसकटलं तर) आणि कुठली वाट लांबली की सगळंच लांबतं ते हिशेबाने काढायचं. २० जुलै १९६० रोजी जॉर्ज वॉशिंग्टन या पाणबुडीने पाण्याखालून पोलारिस यशस्वीपणे डागलं आणि पर्टचा जगभर गाजावाजा झाला. पुढे हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने त्या प्रकल्पाची कसून छाननी केली. त्याला दिसलं ते असं, की प्रत्यक्ष कामात पर्टचा वाटा बेताचाच होता. खरा उपयोग झाला तो बाहेरच्यांची ढवळाढवळ रोखायला. एवढे भारी तक्ते बघितल्यावर यांचं सगळं आखीव चाललंय असं वरच्यांना वाटायचं आणि ते नाक खुपसायचे नाहीत. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आमचे निम्मे डॅशबोर्ड याच घराण्यातले आहेत, फक्त मूळ पुरुष आता सापडला.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते एका कामावरून सांगते.

जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षणाचा कायदा २०१६ साली मंजूर झाला आणि २५ मे २०१८ पासून लागू झाला. मोठ्यात मोठा दंड किती, तर जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या चार टक्के किंवा दोन कोटी युरो, यातलं जे जास्त असेल ते. कंपनीतल्या तारखा आपण आपल्याच ठरवतो आणि आपणच पुढे ढकलतो. ही तारीख कुणाच्या बापाला हलणारी नव्हती. या कायद्याच्या १७व्या कलमाने माणसाला आपली माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क दिला, आणि अशा मागणीवर साधारण महिन्याभरात कंपनीने काय केलं ते कळवायचं असतं. त्या पुसण्यातला एक तुकडा माझ्याकडे आला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पुसायचं म्हणजे काय, डिलीटचं बटण दाबायचं. पण मोठ्या कंपनीत एका माणसाची माहिती एका जागी नसतेच. खात्याच्या डेटाबेसात असते, वेग वाढवायला ठेवलेल्या कॅशमध्ये असते, लॉगमध्ये असते, बॅकअपमध्ये असते. ॲनालिटिक्सवाल्यांनी काढून घेतलेली एक प्रत असते, त्या प्रतीवरून मशीन लर्निंगवाल्यांनी काढलेली आणखी एक. कस्टमर सपोर्टच्या एखाद्या जुन्या तिकिटाला त्याच माणसाने स्वतःच जोडलेला स्क्रीनशॉट असतो, त्यावर नाव-पत्त्यासकट सगळं. हे सगळं शोधायचं म्हणून मी एक शीट उघडली. सर्व्हिसचं (म्हणजे पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामचं) नाव, कुठली माहिती, पुसणार कशी, कधीपर्यंत, रंग कुठला (हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे धोका, लाल म्हणजे अडलंय), आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना: मालक कोण.

त्या रकान्याने माझा जीव खाल्ला. एक सर्व्हिस अशी निघाली की तिला कुणीच आपली म्हणेना. चालू होती, इतर टीम ती बिनदिक्कत वापरत होत्या. तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ज्याचा ईमेल होता तो कंपनी सोडून केव्हाच गेलेला. ज्या टीमचं नाव होतं ती एका रीऑर्गमध्ये, म्हणजे टीमच्या फेररचनेत, दुसरीत विलीन झालेली, आणि ती दुसरी पुढच्या रीऑर्गमध्ये फोडलेली. फोडून झालेल्या दोन टीमना विचारलं तर ही म्हणे त्यांची आणि ती म्हणे यांची. रात्री सर्व्हिस बंद पडली तर इशाऱ्याचा पेजर कुणाचा वाजतो ते बघितलं. कुणाचाच वाजत नव्हता, कारण ती बिचारी कधी पडलीच नव्हती. उत्तम चालणाऱ्या गोष्टीची आठवण कुणाला राहत नाही, हे घरातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

शेवटी मी फायनान्सकडे गेले. सर्व्हर चालू आहे म्हणजे बिल येतंय, बिल येतंय म्हणजे कुणीतरी भरतंय. तसंच निघालं. एका डायरेक्टरच्या बजेटमधून दर महिन्याला पैसे जात होते आणि त्याला गंधवार्ता नव्हती. त्याला मी दोन ओळींची मेल टाकली: ही सर्व्हिस तुमच्या खर्चात दिसते, तुमची नसेल तर अमुक तारखेला ती बंद करण्याची विनंती मी पाठवत आहे. बंद करायचा अधिकार मला नव्हताच, विनंती मात्र कुणालाही करता येते. त्या दिवशी संध्याकाळच्या आत मालक मिळाला. तेव्हापासून मी ऑर्ग चार्टवर फार विसंबत नाही, कारण तो बदलतो आणि जुना होतो. खर्चाचा हिशेब मात्र कुणीतरी ताजा ठेवलेला असतो.

पण त्या कामात मला खरं शिकवलं ते दुसऱ्याच प्रसंगाने. एका टीमची ओळ पहिल्यापासून हिरवी होती. त्या टीममधली एक मुलगी, मूळची लातूरची, नोकरीत नवीनच, कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी आली. पोह्यांवरचं खोबरं चमच्याने इकडचं तिकडे करत म्हणाली, "मॅम, बॅकअपमधलं आम्ही पुसतच नाहीये. म्हणजे पुसता येतच नाही. बॅकअपवरून रीस्टोअर केलं की पुसलेली माणसं परत येणार." आणि लगेच, "माझं नाव नका सांगू."

तिने हे तिच्या मॅनेजरला का नाही सांगितलं? सांगितलं असणार, अर्धवट, आणि त्यानेही अर्धवट ऐकलं असणार. तिचं अप्रेझल त्याच्या हातात, त्याचं त्याच्या वरच्याच्या हातात. मला सांगितलं, कारण मी तिचं काही वाकडं करू शकत नव्हते आणि भलंही करू शकत नव्हते. मग मी त्या मॅनेजरकडे गेले आणि एवढंच विचारलं, "लीगलने बॅकअपचं विचारलं तर मी काय सांगू?" (लीगल तो प्रश्न विचारणारच होतं, त्यामुळे खोटं काही नव्हतं.) तो जरा वेळ खुर्चीत गप्प बसला. म्हणाला, "उद्या सांगतो." संध्याकाळी ती ओळ पिवळी झालेली होती, आणि केली होती त्यानेच. ते फार महत्त्वाचं. मी पिवळी केली असती तर भांडण झालं असतं. मार्गही पुढे निघाला: रीस्टोअर झाल्यावर पुसलेल्यांची यादी पुन्हा चालवायची, आणि बॅकअप ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायचे. मार्ग निघायला वेळ होता, कारण बातमी वेळेत कळली होती.

हिरवा, पिवळा, लाल. या तीन रंगांवर आमच्याकडे जेवढं राजकारण होतं तेवढं पुण्याच्या महापालिकेतही होत नसेल. लाल लावला की वरच्यांच्या मीटिंगचं बोलावणं येतं, खुलासा लिहावा लागतो, मदत म्हणून चार नवी माणसं प्रश्न विचारायला येतात. हिरव्याला कुणी काही विचारत नाही. मग शहाणा माणूस काय लावेल?

याची किंमत केवढी होऊ शकते ते अमेरिकेने चव्हाट्यावर पाहिलं. आरोग्यविम्याची सरकारी वेबसाइट हेल्थकेअर डॉट गव्ह १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली. कोट्यवधी डॉलर, डझनावारी कंत्राटदार, आणि पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण करू शकलेली माणसं किती, तर सहा. त्या वर्षीच्या वसंतातच बाहेरच्या सल्लागारांनी धोक्याची सूचना दिलेली होती. सगळे तुकडे एकत्र जोडून चाचणी करायला वेळच उरलेला नव्हता. तुकडे जोडण्याची जबाबदारी सरकारी खात्याने स्वतःकडेच ठेवली होती आणि ते काम त्यांनी याआधी या आकाराचं केलं नव्हतं. नंतर दुरुस्तीला जी मंडळी आली त्यात गूगलमधून आलेला मायकी डिकरसन होता. त्याने रोजच्या बैठकीला नियम लावले. इथे फक्त प्रश्न सोडवायचे, दोष ढकलायला इतर जागा पुष्कळ आहेत. बोलायचं त्याने, ज्याला त्या विषयातलं सगळ्यात जास्त कळतं. ज्याचा हुद्दा मोठा त्याने नव्हे. डिसेंबर उजाडेपर्यंत वेबसाइट बऱ्यापैकी चालू लागली होती. यात तंत्रज्ञान किती आणि तो दुसरा नियम किती, याचा हिशेब मला अजून लावता आलेला नाही. माझं मत दुसऱ्या नियमाकडे झुकतं.

मला मात्र या बाबतीत सगळ्यात चोख व्यवस्था दिसली ती सासवडला. एका वर्षी माऊलींच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवेघाट चढून गेले होते. पाय सुजलेले, अंगातलं सगळं त्राण गेलेलं, पण संध्याकाळी तळावरची समाजआरती बघायला उभी राहिले. दिंड्या पालखीभोवती उभ्या, टाळांचा कल्लोळ. चोपदाराने दंड उंचावून आरोळी दिली आणि एवढ्या अफाट समुदायाचे टाळ एका क्षणात बंद. सगळे नव्हे. एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. शेजारच्या आजींनी सांगितलं, "त्यांची तक्रार हाय." ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तिने टाळ थांबवायचे नाहीत. चोपदार स्वतः तिथे जातो, ऐकून घेतो, निकाल सांगतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि आरती. हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेल्या शिस्तीत हे चालत आलंय. तिथे उभ्या उभ्या मला वाटलं, अरे, ही तर आमची रोजची स्टेटस मीटिंग, आणि आमच्यापेक्षा कितीतरी चांगली. ज्याचं सगळं ठीक त्याने गप्प बसायचं. बोलायचं फक्त ज्याचं अडलंय त्याने. आमच्याकडे उलट. ज्यांचं ठीक चाललंय ते स्लाइड दाखवत तासभर बोलतात आणि ज्याचं अडलंय तो कॅमेरा बंद करून बसतो.

माझं बढतीनंतरचं दुखणं वेगळंच आहे. 'सीनियर' लागल्यापासून मी डायरेक्टर आणि व्हीपींच्या (व्हाइस प्रेसिडेंटांच्या) खोल्यांत बसते. माझ्याकडे अजूनही अधिकार नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांच्या शेजारी माझी खुर्ची असते, आणि पोरांना दुरून दिसते ती खुर्ची. पूर्वी कॅन्टीनमध्ये येऊन बसायची ती मुलं आता "हाय मॅम" म्हणून पुढच्या टेबलाला जातात. बातमी आटली. बढतीचं पत्र देताना हे कुणी सांगत नाही. त्यावर मी माझ्यापुरते उपाय शोधलेत. काही मोठ्या मीटिंगना जाणं सोडलं, तिथे नाही तरी कुणाला माझी उणीव भासत नव्हती. टीममधल्या मुलांशी एकेकट्याने बोलते तेव्हा लॅपटॉप मिटून ठेवते. आणि 'कधी होईल?' हा प्रश्न टाकून दिला. त्याला समोरच्याकडे एकच उत्तर असतं, 'नव्वद टक्के झालंय'. उरलेल्या दहा टक्क्यांत वर्ष जाऊ शकतं. त्यापेक्षा 'आज सकाळपासून काय करत होतास?' आणि 'कुणासाठी थांबलायस?' हे दोन प्रश्न बरे. मनातून अंदाज सांगताना माणूस चुकतो. सकाळी काय केलं ते सांगताना सहसा चुकत नाही.

आमची जमात टिकेल का, ही चर्चा हल्ली जोरात आहे. जानेवारी २०२३ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेने ॲजाइल कामांची (म्हणजे थोड्या थोड्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमची घडी बसवण्याच्या कामांची) अकराशेहून जास्त पदं एका फटक्यात रद्द केली. त्याच महिन्यात गूगलने बारा हजार आणि मायक्रोसॉफ्टने दहा हजार नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं. मधले थर काढा, सपाट करा, ही हाक सगळीकडे. आणि आता मीटिंगचं टिपण एआय माझ्यापेक्षा नेटकं काढतो, कुणाचं कुठलं काम राहिलं तेही लिहून देतो. खरं सांगायचं तर आमच्यातले जे नुसते शीटवरून स्लाइड आणि स्लाइडवरून मेल करत होते, त्यांची गरज तेव्हाही नव्हती. पण मीटिंगमध्ये न बोललेलं टिपणात येणार कुठून? आणि रेकॉर्डिंगची लाल टिकली लागली की लातूरच्या त्या मुलीसारखी माणसं पोह्यांपुरतंच बोलतात.

रात्रीच्या कॉलबद्दल रडायचं नाही असं मी ठरवलेलं आहे, म्हणून एवढंच: सिएटलचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात आणि आपले साडेदहा वाजतात. दर नोव्हेंबरला मी त्यांना त्यांच्या सकाळच्या साडेआठाची वेळ मागते. दर नोव्हेंबरला त्यांना मुलांना शाळेत सोडायचं असतं. त्यांचंही खरं आहे.

परवाच्या आढाव्यात एका ओळीत तारखेचा रकाना मी रिकामा ठेवला. शेजारी लिहिलं, 'आत्ता माहीत नाही. बुधवारी लोड टेस्ट झाल्यावर कळेल.' (लोड टेस्ट म्हणजे एकदम खूप माणसं आली तर सॉफ्टवेअर टिकतं का, ती चाचणी.) व्हीपीने नेमकी तीच ओळ पकडली. "अंदाजे तरी?" मी म्हटलं, अंदाजे टाकलं की ते उद्यापासून नक्की होईल. "माणसं वाढवून देऊ?" उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की ते आणखी लांबतं, हे फ्रेड ब्रूक्स या संगणकतज्ज्ञाने १९७५ साली लिहून ठेवलंय आणि दर पिढीतला एक तरी व्हीपी ते स्वतः तपासून बघतो. म्हटलं, ज्या दोघांना यातलं कळतं तेच नव्यांना शिकवत बसतील. "मग काय हवंय तुला?" "बुधवारपर्यंत त्यांना कुणी विचारू नये, एवढंच." तो हसला आणि पुढच्या ओळीवर गेला.

बुधवारी टेस्ट पडली. नवी तारीख बरीच पुढची निघाली आणि ती शीटमध्ये टाकली टीममधल्या सगळ्यात नव्या पोराने, स्वतःहून, लाल रंगात, त्याचा मॅनेजर ऑनलाइन यायच्या आत. एवढ्यावर न थांबता त्याने खाली एक ओळ वाढवली होती, जिच्याबद्दल मला काहीही ठाऊक नव्हतं: या सगळ्याच्या मागे जी जुनी सर्व्हिस आहे तिचं सुरक्षेचं डिजिटल सर्टिफिकेट पुढच्या महिन्यात संपतंय, नवं कोण काढणार? मालकाच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह. मी फायनान्सला मेल लिहायला घेतली.